बाबांचा तोल जाऊ लागलाय : चालू द्यायचं की बसवून ठेवायचं?

केतकी_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे आहेत. खाली आई-बाबा, वर आम्ही, असं घर आहे. बाबा अजून एकदाही पडलेले नाहीत, पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांची चाल बदलली आहे. पाय उचलून टाकत नाहीत, घासत चालतात. पूर्वी हाक मारली की गर्रकन वळायचे, आता जागच्या जागी छोटी छोटी पावलं टाकत वळतात. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना आधी फ्रिजला, मग चौकटीला, मग सोफ्याच्या पाठीला हात लागतो. सहज लागल्यासारखा, पण लागतोच. तोंडाला साबण लावायचा असेल तर भिंतीला टेकून उभे राहतात. परवा तर गेटकडे जाताना एका पायातली चप्पल मागेच राहिली आणि ते तसेच पुढे गेले. आईने हाक मारल्यावर त्यांना कळलं.

दादा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं आहे की सकाळचं फिरणं बंद, गच्ची बंद, भाजी आणायला जाणं बंद, आणि दिवसभरासाठी एक माणूस ठेवू. मला हे पटत नाही. गच्चीवरच्या कुंड्या हा बाबांचा जीव आहे. सकाळी पाणी घालायला वर जातात, संध्याकाळी वाळलेली पानं काढायला पुन्हा जातात. ते काढून घेतलं तर उरेल काय? पण उद्या जिन्यात काही झालं तर घरात मीच असणार आहे, ही भीतीही आहेच.

शुगर बऱ्याच वर्षांपासूनची, त्याच्या गोळ्या चालू आहेत. बीपीची गोळी आहे. झोपेची गोळी अधूनमधून घेतात. तुम्ही तुमच्या घरी हे कसं सांभाळलंत? वय झालं की तोल जाणारच, असं धरून चालायचं का?

निवृत्त_मास्तर

केतकीताई, मी ७८ चा आहे, नागपुरात महाल भागात राहतो. तुमच्या भावाचं अगदीच चूक नाही. शरीर आहे, झिजणारच. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्के घटतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. आमच्या जुन्या वाड्याचा जिना उभा आणि अंधारा, धरायला एक दोर. सत्तरी ओलांडली तेव्हा मी माझी खोली खाली आणली. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काय आहे? वयाप्रमाणे वागावं. मुलगा काळजीपोटी बोलतो आहे, ते समजून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो, मले हे नाही पटलं. आमचे आबाजी काटोलकडं वावरात राह्यतात. नव्वदीले टेकले आहेत. रोज धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, चालत जातात, एका बाजूनं पऱ्हाटी, दुसऱ्या बाजूनं नाली. पाऊल चुकलं त चिखलात. कोनी म्हनलं का 'आबाजी बसा', त ते हटकून उभे राह्यतात. मागच्या साली काकांनी त्याइले नागपूरले आनलं, फ्लॅटमधी. गुळगुळीत फरशी, लिफ्ट, सोफा. दिवाळीपर्यंत मानूस काठीवर आला. परत गावाले नेलं त महिना-दीड महिन्यात काठी कोपऱ्यात. केतकीताई, तुमच्या बाबाले बसवून ठेवसान त टोंगळे (गुडघे) धरतीन, मंग उठवाले दोन मानसं लागतीन.

गोंडवन

धागा चांगला काढलात. वाखू (वाचनखूण) साठवली आहे, घरी तीच अवस्था आहे.

फिजिओ_स्नेहल

मी नागपुरातच फिजिओथेरपी करते, रोज अशी दोन-चार माणसं बघते. केतकी, तुझं निरीक्षण फार बारीक आहे आणि उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर. डोळे सांगतात आजूबाजूला काय आहे. आतल्या कानातला भाग सांगतो डोकं कुठे कललं, किती वेगाने वळलं. आणि तळपाय, घोटे, सांधे सांगतात खाली जमीन कशी आहे, वजन कुठल्या पायावर आहे. मेंदू हे सगळं जुळवतो आणि पायाच्या स्नायूंना हुकूम सोडतो. तिन्ही चोख असतील तर एक बंद केलं तरी माणूस उभा राहतो. वयाबरोबर तिन्ही थोडी थोडी मंदावतात, हे खरंच आहे. पण त्यातलं एखादं जास्त बिघडलं असेल तर ते शोधता येतं आणि पुष्कळदा सुधारताही येतं. 'वय झालं' म्हणून फाईल बंद केली की शोधणंच थांबतं.

आता बाबांकडे बघ. तोंडाला साबण लावला की भिंत लागते. कारण डोळे मिटले, आणि पायाकडून येणारी खबर पुरेशी नाही. डॉक्टर पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला लावतात, ती तपासणी हीच. एकोणिसाव्या शतकातल्या रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरच्या नावाने ती ओळखली जाते. चप्पल सुटली आणि कळली नाही, याचाही रोख तिकडेच आहे. बऱ्याच वर्षांची शुगर असेल तर तळपायाच्या नसा बोथट होतात. त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि माणूस शाकाहारी असेल तर आणखीच. बी-१२ च्या कमतरतेने नसांवर परिणाम होतो तो असाच दिसतो. रक्ताची साधी तपासणी आहे, आधी ती करून घ्या. पायांची संवेदनाही डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि तोवर घरातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका. मागून पट्टा असलेली, घट्ट बसणारी पादत्राणं द्या.

पाय घासत चालणं आणि तुकड्या-तुकड्यांनी वळणं यासाठी मात्र एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. नुसती ताकद कमी झाल्यानेही असं होतं, पण पार्किन्सनची सुरुवातही अशी दिसू शकते. घाबरवत नाही, पण हे पाहून घ्यायलाच हवं.

घरी एक मोजमाप करता येईल. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. करताना शेजारी उभी राहा.

संत्राबर्फी

@स्नेहल, सोन्यासारखा प्रतिसाद! ते एका पायावर उभं राहण्याचं काय असतं? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी टाकलं, आणि आता सकाळी सात वाजता प्रत्येक गॅलरीत एक काका ब्रश तोंडात धरून बगळ्यासारखे उभे!

फिजिओ_स्नेहल

हाहा, उभे राहू देत, फक्त कठड्याकडे नको, ओट्याशी उभे राहा म्हणावं. ते ब्राझीलमधल्या संशोधनावरून आलं आहे, २०२२ साली प्रसिद्ध झालं. ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना एका पायावर १० सेकंद उभं राहायला सांगितलं. दुसरा पाय मागून पोटरीला टेकवायचा, हात बाजूला, नजर समोर. साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही. ७१ ते ७५ या गटात तर निम्म्याहून अधिक लोकांना जमलं नाही. पुढची काही वर्षं त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. याचा अर्थ एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा नाही. तोल हा आतल्या एकूण तब्येतीची खूण आहे, इतकंच.

निवृत्त_मास्तर

म्हणजे माझ्या वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांना जमणारच नाही. मग वयाचाच प्रश्न झाला ना? आणि व्यायाम वगैरे ठीक आहे, पण पंच्याहत्तरीनंतर नवा स्नायू येणार कुठून?

डॉ_अवकाश

मास्तर, येतो. बोस्टनमध्ये १९९० साली एक छोटा पण फार गाजलेला प्रयोग झाला. वृद्धांच्या निवासातली नव्वदीच्या आसपासची दहा माणसं घेतली, आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. चालही सुधारली. नव्वदीत!

आणि २०१९ मध्ये शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण कुठल्याही व्यायामाने नाही. तोलाचे व्यायाम आणि उठणं-बसणं, पायरी चढणं यासारख्या रोजच्या हालचाली ज्यात होत्या, त्याने. नुसतं सपाट रस्त्यावर फिरणं पुरत नाही. इथे नागपुरात जपानी गार्डनला रोज फेऱ्या मारणारी मंडळी यामुळेच चकित होतात की 'मी तर रोज चालतो, मग पडलो कसा?' तोल सुधारायचा तर जिथे तोल किंचित डगमगतो अशा जागी, आधार हाताशी ठेवून, रोज उभं राहावं लागतं. ठेचाभाऊंचे आबाजी धुऱ्यावर तेच करत आहेत.

उलट बाजूही सांगतो. धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर फक्त पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, हे मी आबाजीले वाचून दाखवतो. त्याइले धुऱ्याचं कौतुक झालेलं लय आवडन.

अश्विनी_मानेवाडा

सगळे बोलत आहेत ते बरोबर असेल, पण मला केतकीच्या भावाच्या बाजूने बोलायचं आहे. माझ्या सासूबाई ८१ व्या वर्षी न्हाणीतून बाहेर येताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसवला. त्यानंतरचे दिवस मी कुणाला देऊ इच्छित नाही. पाठीला जखमा, रात्री भ्रम, मला ओळखेनात. 'सुशीलाला बोलव' म्हणायच्या, ती त्यांची बहीण, कधीच गेलेली. वाचल्या, पण पूर्वीच्या सासूबाई परत आल्या नाहीत. ज्या घरात खुब्याचं हाड मोडलंय त्या घराला 'चालू द्या त्यांना' हे वाक्य इतकं सोपं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, त्यात सगळ्यात जास्त वयस्करच. भीती वाटणारच हो.

फिजिओ_स्नेहल

अश्विनीताई, तुमची भीती खरी आहे, आणि ती बाजूला सारून कुणीच बोलू नये. पण एक प्रश्न विचारते, सासूबाई पडण्याआधी कशा वागत होत्या? घाबरून फिरणं कमी केलं होतं का?

अश्विनी_मानेवाडा

हो. त्याआधी एकदा अंगणात अडखळल्या होत्या, काही लागलं नव्हतं. तेव्हापासून देवळात जाणं सोडलं. नंतर नंतर तर पलंग, खुर्ची आणि संडास-न्हाणी इतकंच.

फिजिओ_स्नेहल

हेच वारंवार दिसतं. अडखळलं की भीती, भीतीने हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून पाय अशक्त, आणि मग न्हाणीतला तो एक ओला कोपरा. घरात बसवलेला माणूससुद्धा न्हाणीत जातोच ना. तिथे पाय त्याचे त्यालाच सावरावे लागतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

बर्डीचा_केमिस्ट

गोळ्यांवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या दुकानात सत्तरीच्या वरच्या माणसांच्या चिठ्ठ्या येतात, त्यात बऱ्याचदा तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची औषधं असतात, आणि एकाने काय दिलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं. झोपेची गोळी रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या माणसाच्या पायात असते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं पडणं वाढतं, हे नक्की आहे. प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या काही गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी पडतं. बीपीच्या गोळीनेही पडू शकतं.

करून बघायची तपासणी अशी : पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या. मग उभं करून पहिल्या तीन मिनिटांत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घाम जातो, म्हातारी माणसं वारंवार लघवीला लागू नये म्हणून पाणी कमी पितात, आणि हिवाळ्यात ठरवलेली बीपीची गोळी तेवढीच चालू असते. चक्कर येणार नाही तर काय! मात्र मनाने कुठलीच गोळी बंद करू नका, झोपेची तर अजिबात नाही. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि म्हणा, यातलं काय खरंच लागतं ते सांगा.

गोंडवन

आईचा अनुभव लिहितो. तिला पलंगावर कूस बदलली की खोली गरगर फिरायची. अर्धा मिनिट, मग थांबायची. गॅस झाला, मणका घासला, अशक्तपणा आहे, सगळं ऐकून झालं, गळ्यात पट्टाही घालून झाला. शेवटी एका कान-नाक-घसातज्ज्ञांनी तिला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि झटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली येईल असं. मी समोर उभा होतो. आईचे डोळे आपोआप एका बाजूला भराभर उडू लागले. डॉक्टर म्हणाले, सापडलं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की असं होतं. मग त्यांनी तिचं डोकं ठरावीक क्रमाने वळवत, प्रत्येक वेळी थोडं थांबत, तिला कुशीवर घेतलं आणि उठवून बसवलं. औषध नाही, काही नाही. घरी येताना ई-रिक्षात आई म्हणाली, 'अगं बाई, झाडं जागेवर आहेत.'

जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत आणली. ज्यांना कूस बदलताना किंवा वर बघताना गरगरतं त्यांनी हे जरूर विचारा. पहिल्यांदा मात्र तज्ज्ञांकडूनच करून घ्या.

मनीषा_खामला

बाई गं, माझ्या मावशीला अगदी असंच होतं. उद्याच घेऊन जाते.

संत्राबर्फी

आणि उन्हाळ्यातला नागपुरी धोका कुणी लिहिला नाही! कूलर! पाइप लावून टाकी भरायची, टाकी ओसंडली की टाइल्सवर पाणी, आणि ते पाणी दिसत नाही. दुपारी पडदे लावलेले, खोलीत अंधार, वयस्कर माणूस झोपेतून उठून थेट त्यात पाय टाकतो. आमच्याकडे आता टाकी फक्त सकाळी उजेडात भरतो, आणि कूलरसमोर जुनी गोधडी नाही, गोधडीत पाय अडकतो, खाली रबर असलेलं पायपुसणं टाकलं आहे.

मनीषा_खामला

घराबाहेरचं बोला ना. आमच्या गल्लीत सिमेंट रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेला. गेटमधून बाहेर पडायचं म्हणजे एक उंच पायरी चढायची, आणि ती पायरी म्हणजे कंत्राटदाराने टाकलेला मुरूम. फूटपाथवरचे गट्टू उखडलेले. सासरे म्हणतात, घरात व्यायाम करून करू काय, बाहेर पडायला वाट कुठे आहे? शेवटी आम्ही स्वखर्चाने गेटपाशी रुंद, कमी उंचीच्या दोन पायऱ्या बांधल्या आणि बाजूला लोखंडी कठडा लावला. आता गल्लीतल्या तीन-चार आज्या संध्याकाळी तिथेच येऊन बसतात.

निवृत्त_मास्तर

मनीषाताईंना पूर्ण अनुमोदन. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

एक विचारतो. जमिनीवर बसणं सोडावं की ठेवावं? आमच्या पिढीने पाटावर मांडी घालून जेवण केलं. आता एक डॉक्टर म्हणतात खाली बसू नका, गुडघे जातील. योगवर्गातल्या बाई म्हणतात बसलंच पाहिजे.

डॉ_अवकाश

मास्तर, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. गुडघ्याची झीज जास्त असेल, सूज असेल तर मांडी आणि उकिडवं बसणं टाळा. पण गुडघे ठीक असतील तर खाली बसून उठण्याइतका भरगच्च व्यायाम दुसरा नाही. मांड्या, नितंब, घोटे, तोल, सगळं त्यात येतं. सोडून दिलं की ते काही महिन्यांत विसरायला होतं, आणि मग जमिनीवर पडलेला माणूस हाड न मोडताही उठू शकत नाही. पडण्याइतकंच पडून राहणं वाईट, तासन्‌तास. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, हळू बसायचं. खुर्ची उंच घ्या, जमू लागलं की कमी उंचीची.

फिजिओ_स्नेहल

आणि पडल्यावर उठायचं कसं, हे घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या. आधी घाई नाही, निपचित राहून कुठे दुखतंय ते बघायचं. खुब्यात किंवा पाठीत कळ असेल तर उठायचंच नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्ची किंवा पलंगापर्यंत जायचं, दोन्ही हात त्यावर, बळकट पाय पुढे टाकायचा आणि जोर लावून वर यायचं. वळून बसायचं, लगेच चालायला लागायचं नाही. हे मी माझ्या पेशंटना सतरंजीवर करून घेते. काहींना पहिल्या दिवशी रडू येतं, कारण कित्येक वर्षांत जमिनीला हात लागलेला नसतो.

गोंडवन

चष्म्याचंही. माझ्या बाबांचा दुहेरी काचेचा चष्मा आहे. जिना उतरताना ते खालच्या काचेतून, म्हणजे वाचायच्या काचेतून पायरी बघतात, आणि पायरी धूसर दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहेर फिरायला नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा दिला. मोतीबिंदू असेल तर तोही फार काळ पिकवत ठेवू नका.

मनीषा_खामला

@केतकी, एक खूण बघशील का? चालताना बाबांना काही विचारलं तर ते चालत चालत उत्तर देतात की थांबून? सासरे थांबतात.

डॉ_अवकाश

छान निरीक्षण. स्वीडनमध्ये १९९७ साली नेमकं हेच तपासलं होतं. बोलायला लागलं की जे थांबत होते, ते पुढच्या काही महिन्यांत जास्त पडले. चालायलाच सगळं लक्ष लागत असेल तर दुसऱ्या कामाला उरत नाही. अशांना रस्ता ओलांडताना काही सांगू-विचारू नका. घरात मात्र, आधार जवळ ठेवून, चालता चालता वार उलटे म्हणणं, पाढे म्हणणं हा चांगला सराव आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, अडीचकीचा पाढा म्हना चालता चालता. तुमाले त पाठ असन.

निवृत्त_मास्तर

अडीचकीच काय, औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा येतो. उद्या सकाळी म्हणतो, वाड्याच्या चौकात, खांबाच्या बाजूने. पण एक मुद्दा मी सोडणार नाही. स्टुलावर चढून जाळी काढणं, ओल्या गच्चीवर जाणं, अंधारात जिना, हे सत्तरीनंतर बंदच. व्यायाम वेगळा आणि धाडस वेगळं.

फिजिओ_स्नेहल

मास्तर, यावर माझी सही.

केतकी_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण एकेक गोष्ट करून मग लिहायचं ठरवलं होतं.

बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आहेत. पायांची तपासणी झाली, डाव्या अंगठ्याला जवळजवळ संवेदना नाही, उजवीकडे थोडी आहे. मेंदूविकारतज्ज्ञांनी चालवून, वळवून, हात तपासून बघितलं, आणि तूर्त पार्किन्सनसारखं काही वाटत नाही म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. आडवं आणि उभं बीपी मी घरीच घेतलं. वरचा आकडा १३८ वरून ११२ वर आला. केमिस्टभाऊ, तुमचं ऐकून गोळ्यांची पिशवी खरंच टेबलावर ओतली. डॉक्टर आधी बघत राहिले, मग एकेक पान उचलून वाचू लागले. बीपीच्या गोळीची वेळ आणि ताकद बदलली, झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद करायची आहे.

दादाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्याला हा धागा वाचायला दिला. अश्विनीताई, तुमचा प्रतिसाद वाचून तो म्हणाला, 'बघ, मी काय सांगत होतो.' मग पुढचे वाचले आणि बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी असं ठरलं की गच्ची चालू, पण जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, आणि पाणी घालताना पाइप नाही, झारी. पाइपाने फरशी ओली व्हायची आणि पायातही यायचा. माणूस ठेवायच्या पैशात दादा फिजिओचा खर्च करणार आहे.

बाबा आता ओट्याला बोटं टेकवून टाचा वर करतात, मग एक पाय उचलतात. आई शेजारी कणीक मळते आणि आकडे मोजते, मधेच कणीक सैल झाली की मोजायचं विसरते, मग त्यांचं भांडण. जेवणात वरण घट्ट केलंय, झुणका आणि दही वाढवलंय. डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट बघून, वजनाच्या दर किलोला एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं चालतील असं सांगितलं.

एक राहिलं. बाहेर जाताना काठी घ्यायला बाबा तयार झालेत. उजवा गुडघा दुखतो त्यांचा. काठी कुठल्या हातात धरायची? ते उजव्यात धरतात, दुखतं त्याच बाजूला.

फिजिओ_स्नेहल

डाव्या हातात. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला धरायची, आणि काठी आणि उजवा पाय एकदम पुढे टाकायचा. उंची अशी की बाबा चप्पल घालून ताठ उभे राहिले, हात सैल सोडला, की मनगटाच्या घडीपाशी मूठ यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदलायचं, सुटं मिळतं. विकत घेताना त्यांनाच दुकानात घेऊन जा, मूठ हातात धरून बघू देत.

वऱ्हाडी_ठेचा

लाकडी पायजे असन त सांगा, आबाजी बांबूची करून देतीन. खाली रबर तुमी बसवा.

केतकी_त्रिमूर्तीनगर

@ठेचाभाऊ, बाबा हो म्हणाले. मनगटापर्यंतची उंची मोजून व्यक्तिगत निरोपात पाठवते.